घासून गेलेला नंबर

२९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईच्या ताडदेव आरटीओत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून उठली. या गाड्या खोलून विकण्याचे काम मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्या तयार झाल्या, त्याच कुर्ल्यातल्या भंगाराच्या गल्ल्यांत त्यांचे दरवाजे, ग्रिल आणि डॅशबोर्ड सुटे होऊन पडतात. त्यातला निवडक माल चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर पोहोचतो. या मालात गाडीच्या डाव्या बाजूला बाहेर बसवलेले जुने यांत्रिक मीटरही असते. असे एखादे मीटर हातात घेऊन पाहावे. मीटर टाकण्याची पट्टी जिथे पकडली जायची, तिथला रंग वर्षानुवर्षे बोटे लागून उडालेला असतो. मागच्या बाजूला बारीक तारेत ओवलेले शिशाचे सील असते आणि त्यावर तपासणीचा ठसा असतो. बाजारात आल्यावर या मीटरची तार कापली जाते, सील फेकले जाते, रंग खरवडला जातो, बफिंग होते आणि क्रोमचा थर चढवून वस्तू दिवाणखान्याच्या शेल्फसाठी सज्ज होते. विकणाऱ्याला वाटते की भाव वाढला. आमच्या मते त्या मीटरमध्ये जे विकण्याजोगे होते, ते कचऱ्यात गेले.

जुन्या सुट्या भागाचा भाव त्याच्या धातूत नसतो, चकाकीत तर नसतोच. हा भाग कोणत्या गाडीचा, कोणत्या काळातला आणि आजवर त्याचे काय काय झाले, हे जेवढे खात्रीने सांगता येते, तेवढाच त्याचा भाव. म्हणून अंगावरचे ठसे जपणे आणि प्रत्येक भागाबरोबर लेखी दाखला देणे ही या व्यवसायाची नित्याची शिस्त झाली पाहिजे.

याला सर्वांत बळकट पुरावा इंग्लंडच्या एका न्यायालयीन निकालात सापडतो. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मां शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली १९९० मध्ये एक कोटी पौंडांच्या सौद्यात विकली जाणार होती. विकत घेणाऱ्या कंपनीने ऐनवेळी माघार घेतली. कंपनीचे म्हणणे असे की, शर्यत जिंकलेली गाडी ही नव्हेच; दरम्यानच्या वर्षांत चासी, इंजिन, बॉडी सगळे बदलले गेले आहे. भागांच्या हिशेबाने पाहिले तर तक्रारीत तथ्य होते, १९२९च्या गाडीतला फारच थोडा धातू शिल्लक होता. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी ही गाडी ओल्ड नंबर वनच असल्याचा निर्णय दिला. गाडी एका दिवसात बदलली नव्हती. शर्यतींच्या गरजेप्रमाणे एकेक भाग बदलत गेला, प्रत्येक बदलाचा माग काढता येत होता आणि मध्ये कुठेही तिचे अस्तित्व तुटले नव्हते. एक कोटी पौंड त्या अखंड इतिहासाचे होते. तो इतिहास कागदावर नसता तर तेच लोखंड वेगवेगळ्या काळातल्या बेंटली भागांची मोळी ठरले असते. गाडीला जे लागू होते ते हेडलॅम्पला, मॅग्नेटोला, रेडिएटरच्या टोपणालाही लागू होते.

भागांवरचे ठसे किती बोलतात, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको, पण बफिंगच्या चाकापुढे ते विसरले जाते. ल्युकस कंपनीचा डिस्ट्रिब्युटर किंवा डायनामो घ्या. बॉडीवर मॉडेलची अक्षरे, पाच आकडी क्रमांक आणि त्यापाशी ‘३ ५७’ असे छोटे आकडे ठोकलेले दिसतात. म्हणजे मार्च १९५७. (पुढच्या काळात महिन्याच्या जागी आठवडा आला, तेवढे वाचताना भान ठेवावे.) १९५७च्या उन्हाळ्यात बाहेर पडलेल्या गाडीवर हा डायनामो असेल तर तो कारखान्यातूनच बसून आला असण्याची शक्यता मोठी; ‘११ ६२’ असेल तर तो नंतर बदललेला. हे दोन भाग दिसायला जुळे, चालायला सारखेच, पण नेटाने मूळ गाडी उभी करणाऱ्या माणसाच्या लेखी त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. सँडब्लास्टिंगचा एक फटका बसला की तो फरक कायमचा पुसला जातो.

फ्रेंच काचकलाकार रेने लालिक यांच्या, रेडिएटरच्या टोपणावर बसवायच्या काचेच्या मॅस्कॉटचेही तेच. ही मॅस्कॉट मुख्यतः १९२५ ते १९३१ या काळातली. रेने लालिक १९४५ मध्ये वारले, त्यानंतरच्या मालावरच्या सहीतून त्यांच्या नावाचे ‘आर’ हे आद्याक्षर गेले. म्हणजे एका अक्षराने काळ ठरतो. तळाच्या कडेचा टवका घालवण्यासाठी काच घासली तर सहीही जाऊ शकते आणि मूळ मापही बिघडते. टवका तसाच राहिलेला बरा. मात्र सही आहे म्हणून डोळे मिटून पैसे मोजावेत असेही नाही. रोल्स-रॉइसच्या ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’वर शिल्पकार चार्ल्स साइक्स यांचे नाव आणि १९११ची तारीख असते, पण ही अक्षरे पुढे १९५१ पर्यंतच्या पुतळ्यांवर येत राहिली. ‘१९११ लिहिले आहे, म्हणजे १९११चा’ असे सांगून विकणे ही फसवणूक आहे, मग विकणाऱ्याचा समज खरोखरच तसा असला तरी.

पेट्रोल कंपन्यांच्या इनॅमल पाट्यांचा बाजार तर याच प्रश्नावर उभा आहे. बर्मा-शेल १९२८ साली सुरू झाली आणि १९७६ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यामुळे पाटीच्या वयाच्या दोन्ही हद्दी ठरलेल्या आहेत. नवी पाटी ओळखण्यासाठी डोळ्यांपेक्षा बोट जास्त उपयोगी. खऱ्या इनॅमलमध्ये काचेची पूड पोलादी पत्र्यावर भट्टीत वितळवून बसवतात, आणि एकेक रंग वेगळा भाजतात. दोन रंग जिथे मिळतात तिथे बोटाला बारीक पायरी लागते. टवका उडालेल्या जागी खालचा थर दिसतो, त्याखाली काळपट पत्रा, आणि गंज भोकाच्या कडेपासून आत सरकलेला असतो, कारण स्क्रूमागे पाणी साठायचे. छापील पाटीवर ऍसिड शिंपडून आणलेला गंज कुठेही असतो, पाणी जिथे पोहोचणारच नाही अशा ठिकाणीसुद्धा. अशा पाट्या सजावटीसाठी जरूर विकाव्यात, पण मागच्या बाजूला ‘नवी’ असे खोदून.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की, आपल्याकडे ‘ओरिजनल’ नावाची गोष्टच कुठे आहे? जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडल्या. त्या गाड्या जन्मतःच अर्ध्या परदेशी, अर्ध्या इथल्या. १९५३ नंतर सरकारी धोरणाने केवळ जोडणी करणाऱ्या कंपन्यांना वाव उरला नाही, जनरल मोटर्स १९५४ मध्ये गेली, आणि मागे राहिलेल्या हजारो गाड्यांना आयातबंदीच्या काळात भागच मिळेनात. मग लेथवर कातलेले पिन, वाळूच्या साच्यात ओतलेली कव्हरे, दुसऱ्याच गाडीचे कार्ब्युरेटर. अशा गाड्यांना युरोपातले निकष कसे लावणार? आक्षेप खरा आहे, पण तो दाखल्याची गरज कमी करत नाही, वाढवतो. १९६०च्या दशकात गिरगावातल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या कारागिराने ड्रॉइंग नसताना, मोडका भाग समोर ठेवून बनवलेला नवा भाग हा आपल्या मोटारींच्या इतिहासाचा अस्सल पुरावा आहे. तो ‘डुप्लिकेट’ म्हणून फेकणे जितके चूक, तितकेच त्याला इंग्लंडचा म्हणून खपवणेही चूक. ‘स्थानिक, हाताने केलेला, अंदाजे अमुक काळातला’ एवढे लिहिले की त्याला त्याची योग्य जागा मिळते. काही वर्षांत अशा भागांसाठी वेगळे संग्राहक उभे राहतील, असे आम्हाला ठामपणे वाटते.

दुसरा आक्षेप रिस्टोरेशन करणाऱ्यांचा: नव्या भागांशिवाय गाड्या चालणारच नाहीत. बरोबर आहे, आणि त्याला कुणाचाच विरोध नाही. ब्रेकची नळी, रबरी सील, फॅन बेल्ट हे नवेच हवेत. न उघडलेल्या डब्यातले पन्नास वर्षांपूर्वीचे रबर हे संग्रहाचे असू शकते, रस्त्यावरचे नाही. ते डब्यातही कडक होऊन तडकते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ऍस्बेस्टॉस असते, ते घासताना उडणारी पूड फुप्फुसात जाते. अट एवढीच, की नव्याने केलेला भाग नवा आहे हे त्यावरच कळावे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फीवाने, २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरीन सनदेचा सूरही हाच आहे: बदललेल्या भागावर डोळ्यांत न भरणारी पण टिकणारी खूण करा आणि कामाची नोंद ठेवा. आतल्या बाजूला पंचाने वर्ष ठोकायला दोन मिनिटे लागतात.

तिसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा, आणि तो फारसा उघड बोलला जात नाही. माल कुठून येतो हे सांगितले तर गिऱ्हाईक थेट तिथेच जाईल. ही भीती समजण्यासारखी आहे. पण दाखल्यावर विकणाऱ्याचे नाव-गाव लिहिण्याची गरज नाही, गाडी, मॉडेल, जिल्हा आणि खरेदीचे वर्ष पुरे. बाकीचे आपल्या वहीत राहू द्या. ती वही मात्र हवीच. माल चोरीचा आहे हे माहीत असून तो घेणे किंवा बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि प्रामाणिक व्यापाऱ्याला वेळ आली तर नोंदवहीपेक्षा चांगला साक्षीदार मिळणार नाही. शिवाय १९२०च्या दशकातले भाग एकामागून एक शंभरी गाठत आहेत. १९७२च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूसाठी शंभर वर्षांची रेघ आहे. ती ओलांडलेली वस्तू पुरावशेष ठरली तर परदेशी पाठवता येत नाही आणि तिच्या व्यापारालाही परवाना लागतो. त्यामुळे ‘जुना आहे’ म्हणून भागत नाही, किती जुना ते दाखवावे लागेल, आणि काही वेळा तो तेवढा जुना नाही हेही. २०२१च्या नियमांनी ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नंबर प्लेट आणली, तिथेही पन्नास वर्षांच्या वयाबरोबर गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे. चासी, बॉडी आणि इंजिनबद्दल प्रश्न आला की मालक आपल्याकडेच येणार आणि इंजिनाचा भाग कुठून आणला होता ते विचारणार.

कामाची सुरुवात आपल्या हातातल्या गोष्टीपासून करता येते. पुढच्या अंकापासून या मासिकाच्या खरेदी-विक्रीच्या पानांवर कोणत्याही भागाची जाहिरात चार गोष्टी दिल्याशिवाय छापली जाणार नाही: भाग मूळ, डब्यातला जुना, दुरुस्त केलेला की नव्याने बनवलेला; तो कोणत्या गाडीवरून निघाला, किंवा ‘माहीत नाही’; त्यावर आजवर केलेले काम, प्लेटिंग आणि रंगासकट; आणि अंगावरचे सगळे आकडे, जसेच्या तसे. ‘माहीत नाही’ हे उत्तर पूर्णपणे चालेल, त्याने कुणाची जाहिरात नाकारली जाणार नाही. दाखल्याचा कोरा नमुना शेवटच्या पानावर दिला आहे, तो फोटोकॉपी करून वापरावा. जाहिरातीबरोबर ठशांचा जवळून काढलेला एक फोटो पाठवावा, आणि फोटोआधी भाग घासू नये. तेलाचा डाग असला तरी चालेल.