विश्लेषण : फोटोतला बहार खरा की ‘क्लोन’चा?

वरूड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याच्या बगीच्याचा सौदा असो की शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेतली कलमे, पहिली ओळख अनेकदा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोतूनच होते. फळांनी लदबदलेले झाड पाहून दूरचा शेतकरी फोन लावतो. म्हणूनच फोटो संपादनातले ‘क्लोन’ हे साधन काय करू शकते, हे दोन्ही बाजूंना माहीत हवे.

क्लोन टूल काय करते?

फोटोच्या एका भागाची हुबेहूब नक्कल दुसऱ्या भागावर उमटवणारा हा ब्रश. फोटोशॉपमध्ये ‘ऑल्ट’ बटण दाबून नमुना कुठून घ्यायचा ते ठरवायचे, मग हवे तिथे ब्रश फिरवायचा. २००२ मध्ये आलेला ‘हीलिंग ब्रश’ आजूबाजूचा रंग आणि उजेड जुळवून घेतो. क्लोन मात्र जसेच्या तसे उतरवते. मोबाइलवरच्या स्नॅपसीडसारख्या अ‍ॅपमध्येही डाग पुसण्याची सोय आहे.

त्यात वावगे काय?

आजोबांच्या जुन्या फोटोवरची चीर किंवा डाग स्टुडिओवाला याच साधनाने घालवतो. त्यात कोणाची फसवणूक नाही. पण खोडावरचा डिंक्याचा ओघळ शेजारच्या निरोगी सालीने झाकला, किंवा एका फांदीची फळे चार फांद्यांवर उमटवली, तर ती सजावट राहत नाही. डिंक्या हा फायटोफ्थोरा बुरशीचा रोग. त्याने झाड वाळू शकते. तोच लपला तर बगीचा घेणाऱ्याचा हिशेब चुकतो. कलमांचे त्याहून अवघड. विक्रीजोगे फळ यायला चार-पाच वर्षे लागतात. फसगत कळेपर्यंत पाणी, पैसा आणि मेहनत गेलेली असते.

‘जाहिरातीत सगळेच करतात’ हा बचाव इथे टिकत नाही. ज्या फोटोवर कोणी पैसे लावणार, तो फोटो म्हणजे पुरावा. त्यात उजेड कमी-जास्त करावा. झाड, फळ, खोड यांना हात लावू नये.

बातमीदारीत नियम काय?

तिथे हीच रेषा पाळली जाते. ऑगस्ट २००६ मध्ये बैरूतवरील हल्ल्याच्या एका फोटोत धुराचे लोट क्लोन करून वाढवल्याचे उघड झाले. धुराचे तेच आकार पुन्हा पुन्हा दिसत होते. रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले आणि त्याचे सर्व ९२० फोटो विक्रीतून काढले. अशा फेरफारामुळे उरलेल्या फोटोंवरचाही विश्वास गेला. रोपवाटिकेच्या नावाचेही असेच होऊ शकते.

ओळखायचे कसे?

फोटो मोठा करून पाहावा. तोच डाग असलेले फळ, त्याच वळणाचे पान दोनदा दिसले तर शंका घ्यावी. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. साध्या पद्धतीने पाठवल्यास व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करते आणि बारकावे पुसट होतात. व्हिडिओ कॉलवर झाडाभोवती फिरून दाखवायला सांगावे.

तरीही खूण सापडली नाही म्हणजे फोटो खरा, असे नाही. एआयची नवी साधने अशी नक्कल मागे ठेवतीलच असे नाही. शिवाय कलम जंबेरीवर बांधले की रंगपूर लिंबूवर, मुळे निरोगी आहेत का, हे प्रामाणिक फोटोतही दिसत नाही. फोटो पाहून फोन जरूर लावावा. इसार मात्र बगीच्यात उभे राहूनच द्यावा.