शब्दविचार : दुर्गम, पण अगम्य नव्हे

पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, की इंग्रजी वृत्तपत्रांत रस्त्यासाठी ‘इम्पासेबल’ हे विशेषण हमखास वाचावयास मिळते. जेथून पलीकडे जाता येत नाही, असा त्याचा अर्थ. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘पास्सुस’ म्हणजे पाऊल या शब्दात आहे. परीक्षेत ‘पास’ होणे, प्रवासाचा ‘पास’, ‘पासपोर्ट’ ही सारी त्याचीच भावंडे. डोंगरातील खिंडीलाही इंग्रजीत ‘पास’च म्हणतात. आरंभीचा ‘इम्’ नकारदर्शक. तो आणि संस्कृतमधील ‘अ’ मुळात एकाच कुळातले. त्यामुळे व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्याला जवळचा शब्द ‘अगम्य’ हा होय. मात्र आज मराठीत ‘अगम्य’ म्हणजे बुद्धीला न उमगणारे, आणि वाटेसाठी आपण ‘दुर्गम’ म्हणतो.

येथे एक सूक्ष्म भेद आहे. ‘दुर्’ हा उपसर्ग नकार देत नाही, कष्ट सांगतो. दुर्लभ वस्तू मिळते, पण क्वचित; दुर्बोध लेखन कळते, पण सायासाने. तसेच दुर्गम म्हणजे जाण्यास कठीण. किल्ल्यासाठी वापरला जाणारा ‘दुर्ग’ हा शब्दही त्याच अर्थाचा.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे. पाली गावाकडून गडावर जाणारी वाट रुंद, पायऱ्यांची. गुंजवण्याची वाट मात्र अखेरच्या टप्प्यात उभ्या कातळाला भिडते आणि चोरदरवाजातून पद्मावती माचीवर पोहोचते. रायगडापूर्वी शिवाजी महाराजांची राजधानी येथेच होती. राजधानी म्हटली की माणसे, धान्य, पत्रे यांची ये-जा आलीच. गड शत्रूला अगम्य असावा, पण स्वकीयांना केवळ दुर्गम, हीच दुर्गरचनेची खरी कसोटी.

आज अनेक डोंगराळ गावांवर सरकारी कागदांत ‘दुर्गम’ असा शेरा असतो. तेथे पोहोचण्यास अधिक माणसे, अधिक वेळ आणि अधिक निधी लागेल, एवढेच तो शेरा सांगतो. पण तोच शब्द ‘अगम्य’ म्हणून वाचला गेला, की शिक्षक रुजू होत नाही, डॉक्टर पोहोचत नाही आणि रुग्णाला डोलीतून खाली आणावे लागते. गावकरी मात्र तीच वाट रोज तुडवीत असतात. जेथे त्यांचे पाऊल पडते, तेथे व्यवस्थेचेही पडू शकते. शब्दाचा अर्थ तेवढा नीट वाचावयास हवा.