इंग्रजीच्या तासाला बोलायचे कोणी?

इंग्रजीचा तास म्हणजे शिक्षकांनी बोलण्याचा आणि मुलांनी ऐकण्याचा तास, ही रूढी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विपरीत आहे असे कोणाला वाटतही नाही. महाराष्ट्राने 2000 साली इंग्रजी पहिलीपासून सुरू केले. तरीही दहा वर्षे हा विषय शिकलेल्या अनेक मुलांना मुलाखतीत स्वतःविषयी चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत. दोष मुलांचा नव्हे. त्यांना बोलू दिले कोणी?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क येथील शाळेत जोनाथन बर्गमन व ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी 2007 साली गैरहजर विद्यार्थ्यांसाठी आपले पाठ ध्वनिचित्रमुद्रित केले. पुढे सर्वच विद्यार्थी ते घरी पाहू लागले आणि वर्गातला वेळ सरावाला व शंकांना मोकळा झाला. ‘फ्लिप्ड क्लासरूम’, म्हणजे उलटा वर्ग, तो हाच.

रसायनशास्त्रापेक्षाही ही पद्धत भाषेला अधिक मानवणारी आहे. व्याकरणाचा नियम एकट्याने वाचून समजू शकतो. संभाषण एकट्याने होत नाही. साठ मुलांच्या वर्गात, चाळीस मिनिटांच्या तासाला शिक्षकांनी चकार शब्द काढला नाही, तरी एकेकाने बोलायचे म्हटल्यास प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस सेकंद येतात. त्याच मुलांच्या तीस जोड्या केल्या, तर प्रत्येकाला वीस मिनिटे मिळू शकतात.

घरात फोन एकच, आणि तोही वडिलांबरोबर कामावर जातो, हा आक्षेप रास्त आहे. तथापि, उपकरण म्हणजे पद्धत नव्हे. उद्याच्या धड्यातील एक परिच्छेद नेमून देऊन दहा शब्द व दोन प्रश्न फळ्यावर लिहायला कोणतेही यंत्र लागत नाही. जो वाचून आला नसेल, त्याला वर्गातच पहिली पाच मिनिटे वाचू द्यावे. मात्र शिक्षकांनी दयेपोटी सारा धडा पुन्हा सांगू नये. सांगितला, तर दुसऱ्या दिवशी कोणीच वाचून येणार नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. तीस जोड्या बोलू लागल्या की गलका होणार, चुका होणार. शांत वर्ग तोच चांगला वर्ग असे मानणाऱ्या मुख्याध्यापकांना हे रुचणे कठीण. पण गणिताच्या तासाला शांतता शोभत असेल. इंग्रजीच्या तासाला ती पसरली, तर मुख्याध्यापकांनी आत डोकावून चौकशी करावी.