आधी घाबरवा, मग हसवा

मंडळी, विडंबनातला राक्षस आधी खरा वाटायला हवा. मेल ब्रुक्सने ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’साठी (१९७४) मुद्दाम १९३१च्या मूळ ‘फ्रँकेन्स्टाइन’मधलीच प्रयोगशाळेची यंत्रं मिळवली. आपला ‘झपाटलेला’मधला तात्या विंचूही आधी घाबरवतो, मगच हसवतो.

वाराणसीच्या चेतगंजला हे केव्हाच उमगलंय! करवा चौथच्या रात्री, म्हणजे आपल्या संकष्टीला, तिथे नक्कटैया निघते. रामलीलेत लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतो आणि सूड घ्यायला खर-दूषणाची राक्षससेना रस्त्यावर उतरते. तिच्यासोबत चालतात पुढाऱ्यांची, महागाईची टर उडवणारी सोंगं. या सोंगांनी इंग्रजांनाही सोडलं नव्हतं. बघ्यांची गर्दी इतकी, की याला ‘लक्खा मेळा’च म्हणतात.

छोट्यांना नेलंत तर खांद्यावर बसवा. राक्षस नीट दिसायला हवा ना!