तिकिटाआधी डॉक्टर

उन्हाळा जवळ आला की पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत आईबाबांच्या अमेरिकावारीची तयारी सुरू होते. व्हिसा, विमा, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या, वजनकाट्यावर पुन्हा पुन्हा चढवलेल्या बॅगा. या धांदलीत एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो: सत्तरीतलं शरीर पंधरा-सोळा तास विमानात बसायला तयार आहे का? तो तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारला पाहिजे आणि त्याचं उत्तर विमान कंपनीपासून लपवता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडतं, तेव्हा आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका राखलेला असतो. महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर आहे. म्हणजे प्रवासी जागेवर बसल्या बसल्या, अर्ध्या तासाच्या आत, महाबळेश्वरच्याही बराच वर जाऊन पोचतो. धडधाकट माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन तिथे ९० ते ९३ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो आणि त्याला ते जाणवतही नाही. पण ज्याचं हृदय किंवा फुप्फुस आधीच थकलेलं आहे, हिमोग्लोबिन कमी आहे, त्याच्यापाशी एवढी शिल्लक नसते. शरीरात अडकलेली हवाही या उंचीवर सुमारे ३० टक्क्यांनी फुगते. दृष्टिपटल सरकल्यावरच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात गॅस भरला असेल, तर तो विरण्याआधी विमानात बसल्यास दृष्टी जाऊ शकते. शिवाय केबिनची हवा अतिशय कोरडी. शेजारच्या दोघांना उठवायला नको म्हणून खिडकीपाशी बसलेली आई पाणी पिणंच टाळते. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, सीटची कड मांडीखाली रुतते, पोटरीतलं रक्त साकळत जातं. चार तासांहून लांबच्या प्रवासाने रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीने वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं. हे प्रमाण सहा हजारांत एक इतकं थोडं आहे. पण पूर्वी गुठळी झालेल्या, नुकताच गुडघा बदललेल्या किंवा कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या माणसाला हा सरासरी आकडा लागू पडत नाही.

विमानात तब्येत बिघडण्याचे प्रसंग विरळाच, मग एवढी काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. विरळ आहेत हे खरंच. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१३ साली अशा ११,९२० घटनांचा अभ्यास आला. दर ६०४ उड्डाणांमागे एक, अशा त्या घटना होत्या. सर्वाधिक, ३७ टक्के, भोवळीच्या, मृत्यू ०.३ टक्के. घाबरून प्रवास रद्द करावा, असं यात काहीही नाही. मात्र मदतीला प्रवाशांतला डॉक्टर जेमतेम निम्म्या वेळा मिळाला आणि विमान वाट बदलून उतरलं ते सात टक्के वेळा. डॉक्टर मिळाला तरी त्याच्या हाती काय असतं? १९९५ साली हाँगकाँगहून लंडनला जाणाऱ्या विमानात प्रा. अँगस वॉलेस यांनी कपडे टांगायच्या हँगरची तार, लघवीची नळी आणि निर्जंतुक करायला ब्रँडी, एवढ्यावर एका महिलेच्या छातीत कोंडलेली हवा बाहेर काढली. ती वाचली. ही हकीकत डॉक्टरांच्या कौशल्यासाठी सांगितली जाते, ते योग्यच. मला त्यातली आधीची घटना जास्त महत्त्वाची वाटते: विमानतळावर येताना ती मोटरसायकलवरून पडली होती, आणि तरीही विमानात चढली होती.

आजार सांगितला तर कंपनी चढूच देणार नाही, ही भीती घरोघरी असते. ती अगदीच निराधार नाही. कंपनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून फॉर्म भरून मागते, कधी ऑक्सिजनची सोय करायला सांगते, कधी तारीख पुढे ढकलायला लावते. पण त्या नकाराचा अर्थ बहुधा 'थोडं थांबा' एवढाच असतो. गुंतागुंत नसलेल्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण सात ते दहा दिवसांनी प्रवासाचा विचार करता येतो. उलट, लपवलेला आजार विम्याच्या दाव्यात उघडा पडला, तर अमेरिकेतल्या इस्पितळाचं बिल मुलाच्या गळ्यात येऊ शकतं. व्हीलचेअर मागितली म्हणजे कंपनीला सगळं कळलं, हाही गैरसमजच. व्हीलचेअरच्या मागणीवरून हृदयाचा आजार कुणाला कसा कळणार? दोष एकट्या प्रवाशांचा नाही. हा फॉर्म वेबसाइटच्या कुठल्यातरी कोपऱ्यात न ठेवता तिकीट काढतानाच समोर यायला हवा.

तोवर डॉक्टरांना विचारण्याचं आणि कंपनीला कळवण्याचं काम तिकडून तिकीट काढणाऱ्या मुलामुलींनीच करायला हवं. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, तेव्हा इन्सुलिन कधी आणि किती घ्यायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या सामानाच्या बॅगेत नकोत, हातातल्या पिशवीत हव्यात, चिठ्ठीसकट. आणि सीट निवडताना आईला खिडकीची नको, वाटेकडची द्या.