फाशीची मागणी आणि किसासची अट

नांदेड-लातूर भागात एखादा निर्घृण खून झाला की जिल्हाधिकारी कार्यालयासमोर एकच घोषणा उठते, ‘आरोपींना फाशी द्या’. नोव्हेंबर २०२५ मध्ये नांदेडमध्ये प्रेमसंबंधावरून एका तरुणाचा खून झाला. त्याच्या प्रेयसीने तर स्वतःच्याच घरातील आरोपींना फाशी मागितली. हा आक्रोश खरा आहे आणि न्याय मागण्याचा हक्कही.

रोजे फर्ज करणारी आयत सूरह बकरहमधली, १८३ वी. तिच्या पाच आयती आधी किसासचा हुकूम येतो आणि दोन्हीकडे शब्द तेच आहेत, ‘तुमच्यावर फर्ज केले आहे’. म्हणजे खुनाला मृत्युदंड इस्लामला मान्य आहे. पण त्याच आयतीत मृताच्या वारसाला खुन्याचा ‘भाऊ’ म्हटले आहे. माफी आणि दियत यांची वाटही मोकळी ठेवली आहे. शिवाय पुराव्यात शंका उरली तर किसास लागू होत नाही, असे फुकहा सांगतात.

भारतीय कायद्यात माफीचा अधिकार वारसांकडे नाही. खुनाला जन्मठेप किंवा फाशी. १९८० च्या बच्चनसिंग निकालानुसार फाशी फक्त ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणात. ही गाळणी पुरेशी आहे का?

जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबातील पाच जणांचा खून झाला. जालना जिल्ह्यातील भटक्या जमातीचे सहा गरीब मजूर पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांच्या अल्बममधून वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांच्यावर खटलाच चालला नाही.

२००९ नंतर लगेच फाशी झाली असती, तर भरपाई कुणाला दिली असती? आणि ज्या कुटुंबाची माणसे गेली, त्यांना तरी काय मिळाले? खरे खुनी मोकळेच राहिले.

म्हणून मोर्चाची पहिली मागणी चोख तपास, साक्षीदारांना संरक्षण आणि लवकर सुनावणी ही असावी. जन्मठेपेतली चूक उशिरा का होईना सुधारता येते, फाशीतली नाही. तपास इतका कच्चा असताना दोर मागणे म्हणजे किसासची अट सोडून फक्त शिक्षा उचलणे आहे.