माणसे फार, की जमीन थोडक्यांची?

बिहारचे नाव निघाले की मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू दिवाणखान्यांतून एक ठरीव वाक्य ऐकू येते : 'यांची लोकसंख्याच आवरत नाही, तेथे सरकार तरी काय करणार?' अनारक्षित डब्यांतून उतरणारे आणि नव्या इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोपटात राहणारे मजूर दिसले की या वाक्याला जणू पुरावाच मिळतो. गरिबाच्या दारिद्र्याचे कारण त्याच्याच पाळण्यात शोधण्याची ही खोड जुनी आहे. ती सोयीचीही आहे, कारण मग जमिनीविषयी आणि मजुरीविषयी प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही.

आकडे नाकारण्यात अर्थ नाही. 2011 च्या जनगणनेत बिहारची लोकसंख्या 10 कोटी 41 लाख भरली. दर चौरस किलोमीटरला 1,106 माणसे. महाराष्ट्रात त्याच वेळी 365 होती. शंभरातील जवळपास 89 माणसे खेड्यांत राहत होती. राज्य सरकारने केलेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या जातगणनेत हा आकडा 13 कोटींच्या वर गेला. त्याच पाहणीत असे आढळले की राज्यातील एक तृतीयांशाहून अधिक कुटुंबांचे मासिक उत्पन्न 6,000 रुपये किंवा त्याहून कमी आहे. व्यक्तीचे नव्हे, कुटुंबाचे!

परंतु दाटीमुळेच दैन्य येत असेल, तर शेजारच्या बंगालचे काय? 2011 मध्ये तेथेही चौरस किलोमीटरला हजाराहून अधिक माणसे होती आणि केरळात 860. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बंगालमध्ये एका स्त्रीमागे सरासरी 1.6 व केरळात 1.8 मुले आढळली, बिहारमध्ये मात्र 3. त्याच पाहणीनुसार केरळात हजारी चार-पाच अर्भके दगावत होती, बिहारमध्ये 47. जेथे मूल जगेल याची शाश्वती नाही आणि म्हातारपणी मुलाखेरीज दुसरा आधार नाही, तेथे आईबाप जास्त मुलांची आस धरतात यात अडाणीपणा कोणता? तो त्यांच्या परिस्थितीचा हिशेब आहे.

ही परिस्थिती आकाशातून पडलेली नाही. 1793 च्या कायमधाऱ्याने बिहारच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर जमीनदारांची उतरंड बसविली. स्वातंत्र्यानंतर 1950 साली जमीनदारी रद्द करणारा कायदा झाला, तर दरभंग्याचे महाराज न्यायालयात गेले आणि संसदेला 1951 साली पहिली घटनादुरुस्ती करावी लागली. कमाल जमीनधारणेचा कायदा 1961 साली आला. पण तो येईतो जमिनी नात्यागोत्यात आणि खोट्या नावांवर वाटल्या गेल्या होत्या. भूदानात मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी नापीक किंवा वादग्रस्त निघाली. बंगालमध्ये 1978 पासून बटाईदारांची नावे सरकारी दप्तरात नोंदविण्याची मोहीम झाली, बिहारमध्ये ते धाडस कोणत्याच सरकारने केले नाही. यात समाजवादी म्हणविणाऱ्यांची सरकारेही आली, हे कडवट सत्य लपविण्यात हशील नाही.

महाराष्ट्राने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. 1950 च्या दशकापासून 1990 च्या दशकाच्या आरंभापर्यंत केंद्राच्या समान वाहतूक-दराच्या धोरणामुळे तत्कालीन बिहारमधील जमशेदपूरचे पोलाद मुंबईच्या कारखानदाराला तेथल्याच भावाने मिळत असे. खाणीशेजारी कारखाना काढण्याचा फायदाच संपला. कारखाने पश्चिमेला उभे राहिले. मागोमाग माणसे आली, तर त्यांचीच गर्दी झाली म्हणून ओरड!

'आवर घालण्याचा' प्रयोगही या देशाने करून पाहिला आहे. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. 1977 च्या निवडणुकीत बिहारने काँग्रेसला लोकसभेची एकही जागा दिली नाही. त्यानंतर राज्यकर्त्यांनी पुरुषांना हात लावण्याचे सोडले आणि सारा भार बायकांवर टाकला. 2019-21 च्या पाहणीनुसार बिहारमध्ये 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्क्यांची नसबंदी झाली होती, तर ज्यांच्या पतीची नसबंदी झाली होती अशा स्त्रिया हजारात एक.

ही शस्त्रक्रिया गरीब बाईवर कशी होते? 7 जानेवारी 2012 च्या रात्री अररिया जिल्ह्यातील कपरफोरा येथे एका सरकारी शाळेत, शाळेच्याच बाकांवर, विजेरीच्या उजेडात, एका शल्यविशारदाने दोन तासांत 53 स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. एका बाईला दोन-सव्वादोन मिनिटे! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 14 सप्टेंबर 2016 रोजी न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. त्या स्त्रिया बहुतेक दलित व मागास घरांतल्या होत्या. दिवाणखान्यातल्या त्या वाक्याचा व्यवहारातला अर्थ हा असा आहे.

याउलट जे घडले ते शांतपणे घडले. 2006 पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळू लागल्या आणि माध्यमिक शाळेतील मुलींची संख्या वाढली. त्याच वर्षी पंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा मिळाल्या. 2005-06 साली एका स्त्रीमागे चार मुले होती, पंधरा वर्षांत ती तीनावर आली. अद्यापही शंभरातल्या चाळीस मुली अठरा वर्षांच्या आत बोहल्यावर चढविल्या जातात. तो आकडा खाली आणावयाचा तर पोरीच्या वाटेवर शाळा हवी.

2007 च्या कायद्याने बिहारमध्ये दोनहून अधिक मुले असणाऱ्याला नगरपालिकेची निवडणूक लढविण्यास अपात्र ठरविले. हा कायदा मंजूर झाला आणि अमलातही आला. त्याच सुमारास, 2006 साली, बंगालच्या मोहिमेचा अनुभव असलेल्या देवव्रत बंद्योपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली भूमिसुधार आयोग नेमला गेला होता. 2008 साली त्याने अहवाल दिला : बटाईदारांच्या संरक्षणाचा कायदा करा, कमाल धारणेची मर्यादा कडक करा, बेघरांना घरापुरती तरी जागा द्या. जमीनदार जातींत खळबळ उडाली, निवडणुका तोंडावर होत्या, आणि सरकारने अहवाल गुंडाळून ठेवला.